जिभाऊंचा चॅनल

गाड्यांच्या शर्यतीचा नाद लागलेल्या कुठल्याही हौशी टीममध्ये माणसं ठरलेली असतात. एक गाडी पळवणारा, एक शेजारी बसून रस्ता वाचणारा, एक कायम गाडीखाली झोपलेला आणि एक डिझेलचे पैसे कोण देणार असं विचारणारा. याशिवाय आणखी एक असतो, ज्याला गाडी कुठल्या कंपनीची आहे याच्याशीही देणंघेणं नसतं. त्याच्या कमरेला दोन वॉकीटॉकी लटकलेले असतात, गळ्यात हेडफोन असतो, वरच्या खिशात टेस्टर असतो आणि तोंडात एकच प्रश्न असतो, "आयकू येस का?"

आमच्या साक्रीत या माणसाला जिभाऊ म्हणतात.

जिभाऊंचं दुकान पिंपळनेर रस्त्याला. पाटीवर मोटार रिवाइंडिंग, पंखे, मिक्सर दुरुस्ती आणि लाऊडस्पीकर भाड्याने मिळेल एवढं सगळं आहे. तालुक्यातली निम्मी लग्नं, सप्ताह आणि निवडणुका त्यांच्या कर्ण्यांतून पार पडल्या आहेत. माईक हातात आला की जगातला प्रत्येक माणूस त्यावर टिचकी मारतो, फुंकर मारतो आणि "हॅलो, हॅलो" म्हणतो. जिभाऊंना या तिन्हींचा तिटकारा. "हॅलोवरून काय कळस? आकडे म्हन, आकडे!" आकडेसुद्धा सुटे सुटे. एकोणसाठ म्हणायचं नाही. इंजिनाच्या आवाजात एकोणसाठ आणि एकोणसत्तर सख्खे भाऊ होतात, म्हणून "पाच, नऊ". हा नियम त्यांना इतका भिनला आहे की दुकानात गिऱ्हाइकाने पंख्याचे किती झाले विचारलं, तरी उत्तर "चार, पाच, शून्य" असं येतं.

आमच्या पोरांना हा नाद नाशिकहून लागला. तिथे वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्‌स असोसिएशन, म्हणजे 'विसा', 'रॅली ऑफ महाराष्ट्र' भरवत आली आहे. पोरं ती बघायला गेली आणि तोंडभर धूळ खाऊन परत आली ती जुनी जिप्सी घ्यायचं ठरवूनच. खऱ्या रॅलीचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून टीएसडी. टाइम, स्पीड, डिस्टन्स. यात सुसाट जायचं नसतं; सांगितलेल्या सरासरी वेगाने, सांगितलेल्या वेळेला नाक्यावर हजर व्हायचं असतं. उशीर झाला तरी गुण कटतात, लवकर पोचलं तरी कटतात. साक्रीच्या माणसाला उशिराबद्दल दंड एक वेळ समजतो, लवकर आल्याबद्दल दंड ही कल्पनाच नवी होती. जिप्सीच्या मागे सामानाची बोलेरो ठेवायची ठरली. दोन्ही गाड्यांनी एकमेकींशी बोलायचं कसं, हा प्रश्न निघाला आणि जिभाऊंचा टीममध्ये प्रवेश झाला.

"मोबाइल आहे की," एक पोरगा म्हणाला. जिभाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी त्याला स्कूटरवर मागे बसवलं, सुरत रस्त्याने थेट कोंडाईबारी घाटात नेलं आणि एका वळणावर म्हणाले, "लाव आता फोन." फोनने दांडी मारली. परतीच्या वाटेवर दहिवेलला चहा पाजून त्याला दुसरं कारण सांगितलं: फोनवर एकाला सांगितलेलं एकालाच कळतं, रेडिओवर एक बोलला की सगळे ऐकतात. चुगली करायला फोन बरा, कामाला रेडिओ.

मग खरेदी. पोरांनी मोबाइलवर जाहिराती काढून ठेवल्या होत्या. पाच वॅट, दहा किलोमीटर, किंमत स्वस्त. जिभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांचा चष्मा कपाळावर गेला की समजावं, व्याख्यान आहे. आपल्याकडे २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ एवढी चिंचोळी पट्टी कमी ताकदीच्या सेटला परवान्याशिवाय मोकळी आहे. ताकद अर्धा वॅट. सेटला सरकारी मान्यतेचा ईटीए क्रमांक पाहिजे. त्यापलीकडचं काही वापरायचं, तर दूरसंचार खात्याचा परवाना. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना याच कारणावरून नोटिसा काढल्या. त्या बातमीचं कात्रण जिभाऊंनी लॅमिनेट करून काउंटरवर ठेवलं आहे. मिक्सर दुरुस्तीला आलेल्या बायकांनाही ते वाचावं लागतं.

"पण जिभाऊ, अर्धा वॅट म्हणजे आवाज जाईल किती लांब?"

या प्रश्नाची ते वाटच बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोरगा एक सेट घेऊन भामेरच्या किल्ल्यावर, दुसरा पायथ्याच्या गावात, तिसरा डोंगराच्या पाठीमागे. वरून खाली आवाज असा स्वच्छ, की किल्ल्यावरच्या पोराने केळं सोलल्याचंही कळावं. डोंगराच्या पाठीमागे गेलेला मात्र हाकेच्या अंतरावर असूनही मुका. "या लहरी सरळ चालतीस. डोंगर त्यांना चढता येत नही," जिभाऊ म्हणाले. म्हणून किलोमीटर विचारायचे नाहीत, मध्ये काय आहे ते विचारायचं. ब्राह्मणवेलच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या रांगेत, हाच अर्धा वॅट वाघ होतो. शेलबारी घाटात त्याची शेळी.

सेट निवडणं दोन दिवसांत झालं. ते बसवणं पावसाळाभर चाललं. ४४६ ची लहर साधारण ६७ सेंटिमीटर लांब, तिचा पाव म्हणजे सतरा, हे पटवण्यासाठी त्यांनी शेजारच्या शिंप्याची टेप आणली होती. परवाना न लागणाऱ्या सेटची अँटेना जागेवर पक्की असते, ती बदलायची नाही. मग निदान सेट पायाशी टाकू नका, पत्र्याच्या डब्यातून आवाज कसा बाहेर पडेल, तो काचेजवळ उभा ठेवा. हा उभा शब्द महत्त्वाचा. कोणी सेट आडवा धरून बोलताना दिसला, की जिभाऊ लांबूनच आपली करंगळी उभी करून दाखवत. नवख्याला वाटे, जिभाऊंना लघवीला जायचं आहे.

सेटमध्ये एक सोय असते, बटन न दाबता आवाजाने आपोआप चालू होण्याची. पोरांना ती फार आवडली. जिप्सी सुरू झाल्याबरोबर सेटला इंजिन हाच वक्ता वाटला आणि पुढचा अर्धा तास बोलेरोत नुसती घरघर. बोलेरोवाल्याला मध्ये एक शब्द घालता येईना. ती सोय त्या दिवशी बंद झाली ती कायमची. मग गिअरच्या दांडीला वेल्क्रोने बटन बांधलं, हेल्मेटमध्ये ओठाला टेकेल असा आजूबाजूचा गोंगाट कापणारा माईक लावला. बॅटऱ्यांवर वहिनींच्या नेलपॉलिशने नंबर घातले. लाल म्हणजे भरलेली, गुलाबी म्हणजे भरायची, असा जिभाऊंचा हिशेब होता. नेलपॉलिशचे हे दोन रंग त्यांच्याखेरीज कोणालाही वेगळे दिसत नाहीत.

खरा धडा मिळाला सरावाच्या दिवशी, मळ्यातल्या पडीक रानात. बोलेरोतून कोणीतरी ओरडलं, "नको थांबू!" बटन दाबायच्या आधीच तोंड सुरू झालेलं, त्यामुळे 'नको' बोलेरोतच राहिला आणि जिप्सीला मिळालं नुसतं "थांबू". जिप्सी जागच्या जागी थांबली. मागच्या धुळीतून बोलेरो आली आणि तिच्या बंपरने जिप्सीचा हलकेच समाचार घेतला. त्या संध्याकाळी शेवभाजीच्या ताटावर जिभाऊंनी घटना लिहिली. कलम पहिलं: "बटन दाब, मनात एक म्हन, मंग बोल." कलम दुसरं: हुकमात 'नको' नको. "नको थांबू" म्हणायचं नाही, "चालत राहा" म्हणायचं. कलम तिसरं: ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. "हो हो" चालणार नाही. "हो हो तर माझा साडूही म्हनस."

या तिसऱ्या कलमाचा फायदा झाला तो वहिनींना. सेट तपासायला जिभाऊ दिवसभर गच्चीवर, खाली जेवण निवतंय. शेवटी वहिनींनी काउंटरवरचा सेट उचलला, नियमाप्रमाणे एक सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, "जेवाले या. कळण्याची भाकर गार होई राहिनी." वरून ताबडतोब उत्तर, "जेवायला येतो. कळण्याची भाकर गार होते आहे." वहिनी आम्हाला हे सांगताना डोळे पुसत होत्या, "इतकी वर्षं झाली लग्नाला, माझं बोलणं यांनी पहिल्यांदा पुरतं ऐकलं रे."

मोकळ्या पट्टीची एक अडचण असते, ती सगळ्यांनाच मोकळी. नाशिकजवळ एकदा आम्ही जिप्सीची वाट बघत होतो. सेट खरखरला. सगळे सावध. आतून गंभीर आवाज आला, "दाल संपली, दुसरं पातेलं पाठवा." शेजारच्या लॉन्सवर लग्न होतं आणि केटररचा आणि आमचा चॅनल एक. आमच्या एका पोराने "किती माणसं बाकी आहेत?" असं विचारून घेतलं, ते जिभाऊंना कळल्यावर त्याचा सेट काढून घेण्यात आला. मग त्यांनी चॅनल बदलला आणि सेटला एक सूर लावला, म्हणजे तोच सूर असलेलं बोलणं तेवढं ऐकू येईल. "पण ध्यानात ठेवा, हा पडदा आपल्या कानावर शे. आपलं बोलणं लोकांना आयकू येतंच. मेकॅनिकच्या नावाने शिव्या द्यायच्या त्या सेट बंद करून."

जिभाऊंनी हौशी रेडिओची, हॅमची, सरकारी परीक्षा दिली आहे. व्हीयू-तीनने सुरू होणारी खूण त्यांना मिळाली आहे आणि राजीव गांधींची खूण व्हीयू-टू-आरजी होती, हे ते अशा सहजतेने सांगतात, की दोघांचं येणंजाणं असावं असं वाटतं. घरी चांगला, ताकदीचा हॅम सेट आहे. पोरांनी एकदा गळ घातली, आणा ना तो, कोण बघतंय? जिभाऊ दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "तो छंद शे. ते लायसन दुसऱ्याच्या शर्यतीसाठी दिलेलं नही." असं म्हणून त्यांनी अर्धा वॅटचा सेट पुन्हा करंगळीसारखा उभा धरला.

एवढं सगळं वाचून वाटेल की जिभाऊ बडबडे आहेत. दुकानात आहेतच. परंतु त्यांचं खरं रूप मी सटाण्याकडच्या एका टीएसडीत पाहिलं. जिप्सी ठरल्या वेळी नाक्यावर आली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बोलेरोत सगळे एकदम बोलत होते: विचारा, बोलवा, पुन्हा विचारा. जिभाऊंनी एकदा विचारलं आणि गप्प झाले. अंगठा बटनावर होता, पण दाबत नव्हते. नखाखालची कातडी पांढरी पडली होती. कोणीतरी वैतागून म्हणालं, "अहो दाबा ना!" ते हळू आवाजात म्हणाले, "मी दाबी ठेवलं, तर त्याचं येणारं मला आयकू येणार नही." या सेटमध्ये बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी होत नाही, जो बोलतो तो तेवढा वेळ बहिरा असतो. आम्ही सगळे गप्प झालो. साक्रीची सहा माणसं एका गाडीत बसून गप्प, हे दृश्य तालुक्याने पाहिलेलं नाही. आणखी थोड्या वेळाने डोंगराच्या कडेने तुटक आवाज आला, "पंक्चर... बदललं... निघालो." जिभाऊंनी मनात एक म्हटलं, बटन दाबलं आणि ऐकलेलं शब्दाला शब्द परत म्हणून दाखवलं. त्यानंतर ते बोलेरोच्या मागे जाऊन पाणी प्यायले. पुष्कळ प्यायले.

गुण अर्थातच कटले. पोरांना प्रमाणपत्र मिळालं, फोटो झाले. फोटोत जिभाऊ नाहीत, कारण ते सेट मोजत होते.

एकदा त्यांना विचारलं, "जिभाऊ, तुम्हाला कधी गाडी चालवावीशी वाटली नाही?" ते बॅटरीवरचा रंग खरवडत म्हणाले, "गाडी कोणी बी पळवी भो. ती कोठे शे, हाई कोणाले तरी मालूम पाहिजे ना?"

मग ध्यानात आलं, की हा माणूस आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. त्याच्याकडे वॉकीटॉकी नसतो एवढंच. धुळ्याला परीक्षेला निघालो की तो फाटकाशी उभा राहून "पोचल्यावर फोन कर" म्हणतो. पोरगी पुण्याला नोकरीला गेली की तिची बस चांदवडला पोचली का, नारायणगावला थांबली का, हे तिच्याआधी त्याला माहीत असतं. रात्री अकराला चार्जर शोधायला लावतो, गाडीच्या हवेची चौकशी करतो, आपण करवादलो की "सहज विचारलं" म्हणतो. त्याचा वैताग येतो आणि तो नसला, तर गावाहून परतल्यावर आपण पोचलो हे सांगायला कोणी उरत नाही.

तेव्हा तुमच्याही घरात असा कोणी असेल तर "हो हो" म्हणून कटवू नका. नीट, सुटं, "पोचलो" असं सांगा. जिभाऊ असतील तर ते तरीही "परत सांग" म्हणतील. कारण घाईघाईत तुम्ही बटन दाबायच्या आधीच बोललेले असणार.