विहीर, नळे की तिसरंच काही

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात छापून येत नाही. मसुऱ्यातली ही भराडी देवीची वाडी आमच्या मालवण तालुक्यात. जत्रेला लाखांनी माणूस लोटतो, मुंबईहून जादा गाड्या सुटतात, पुढाऱ्यांना भक्तीचं भरतं येतं. पण दिवस कुठला हे ना तिथी सांगते ना पंचांग. पारध होते, देवीचा कौल घेतला जातो आणि मग तारीख फुटते. ती फुटली की मुंबईतला चाकरमानी आधी तिकीट काढतो आणि मग साहेबाकडे रजा मागतो. हा क्रम मात्र कुणी ठरवून द्यावा लागत नाही.

कौल घ्यायची आमच्याकडची पद्धत मोठी हिशेबी आहे. पुष्कळ देवळांत तांदूळ किंवा फुलांच्या पाकळ्या भिजवून देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूंना लावतात. मानकरी गाऱ्हाणं घालतो, बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात आणि मग सगळे टक लावून बसतात. उजवं आधी पडलं तर देव राजी, डावं पडलं तर नाराजी. 'मुलीला आलेल्या पाच स्थळांची गुणानुक्रमे यादी दे' असं देवाला सांगायची सोय नाही. कुडाळचा की कणकवलीचा, एवढंच विचारायचं. त्यात जो टिकेल त्याला पुढच्याशी भिडवायचं. देव सर्वज्ञ असेल, पण उत्तर देताना दोनाच्या पुढे जात नाही.

मला यात देवाचं शहाणपण दिसतं. माणसाला 'सगळ्यात महत्त्वाचं काय?' असं विचारलं की तो भाषण करतो. 'हे की ते?' असं विचारलं तर उत्तर देतो.

मालवणच्या मासळीबाजारात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथली मावशी 'काय देऊ?' असं विचारून वेळ फुकट घालवत नाही. तिच्या एका हातात बांगडे, दुसऱ्यात सौंदाळे. "ह्ये बघ नि ह्ये बघ. खयचे घालू?" आपण बांगड्यांकडे बोट दाखवतो. सौंदाळे पाटीत परत जातात. "बांगडे काय सुंगटां?" आता जीभ सुंगटांकडे वळते. मग ती फळीवरचा ओला गोणपाट बाजूला करते. खाली इसवण असते, कल्ला उघडून दाखवावा अशी लालचुटूक. "सुंगटां काय इसवण?" निवड पूर्णपणे आपली असते, कुणी जबरदस्ती केलेली नसते, आणि तरी घरी जाताना खिसा का हलका झाला हे कळत नाही. इसवण तिने पहिल्या जोडीत का काढली नाही, हा प्रश्न गिऱ्हाइकाला सहसा पडत नाही.

या जोड्या लावण्याला शास्त्र आहे हे मला पुतण्याकडून कळलं. तो पुण्यात कुठल्याशा कंपनीत आहे आणि तिथे म्हणे माणसं दिवसभर प्राधान्यक्रम ठरवतात. कामं कधी करतात ते त्याने सांगितलं नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे १९२७ साली शिकागोच्या थर्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने भटकेगिरीपासून खुनापर्यंत १९ गुन्ह्यांची यादी केली आणि विद्यार्थ्यांना दोन-दोन गुन्हे दाखवून यातला वाईट कुठला, एवढंच विचारलं. १९ गुन्ह्यांच्या जोड्या होतात १७१. त्या उत्तरांतून त्याने गुन्ह्यांची मोजपट्टी तयार केली. पुढे थॉमस साटी आला. हा मोसुलचा जन्म, माणूस गणिताचा. १९६०च्या दशकात तो अमेरिकेच्या शस्त्रनियंत्रण खात्यात होता. रशियाशी शस्त्रकपातीची बोलणी चाललेली, पदरी एकाहून एक विद्वान, पण शास्त्रज्ञांचं वकिलांना कळेना, वकिलांचं शास्त्रज्ञांना, आणि आधी कशाला महत्त्व द्यायचं हे कुणालाच सांगता येईना. त्या वैतागातून त्याने पुढच्या दशकात आपली पद्धत बांधली. १९८० साली तिचं पुस्तक आलं. हे की ते, एवढं विचारून तो थांबत नाही. कितीपट, हेही विचारतो. दोन्ही सारखे असतील तर १, थोडं जास्त असेल तर ३, आणि चढत चढत ९ पर्यंत. मग त्या आकड्यांचा तक्ता करून प्रत्येक गोष्टीचं वजन काढायचं.

आणि यंदा आमच्या घराची कामं निघाली होती.

बाग कराराने दिल्याचे पैसे सामाईक खात्यात पडलेले. घर आजोबांच्या वेळचं. छपराचे नळे परतायचे होते, विहिरीचा गाळ काढून कठडा बांधायचा होता, घरात संडास हवा होता, गडगा दोन ठिकाणी कोसळलेला, पडवीची जमीन उखडलेली, वायरिंग जुनं, गणपतीच्या माटवीला वाळवी, इन्व्हर्टर नाही, खळ्याला चिरे घालायचे, आणि माकडांसाठी जाळी. जाळीने माकडं थांबतात असं मानणाऱ्यांनी माकड पाहिलेलं नसतं, पण यादीत ती होती. पैशांत यातलं एखादं मोठं काम झालं असतं, बाकी किरकोळ. मी मुंबईला दादाला फोन करून विचारलं, सगळ्यात महत्त्वाचं काय? तो म्हणाला, "घराचं घरपण." याचं इस्टिमेट कुठला गवंडी देतो, हे मी विचारलं नाही. थोरला भाऊ आहे.

पुतण्या चार दिवस सुट्टीला आला तो लॅपटॉप घेऊनच पडवीत बसला. समोर माझी आत्या, सुपात तांदूळ निवडत. दहा कामांच्या ४५ जोड्या. साटीचे आकडे तिला समजावण्यात पहिला तास गेला. मग पुतण्याने ते मालवणीत बसवले. १ म्हणजे 'दोनय सारक्याच', ३ म्हणजे 'वायच', ५ 'बऱ्यापैकी', ७ 'लय', आणि ९ म्हणजे 'ह्या काय इचारुचा?' एवढं झाल्यावर गाडी पळायला लागली. माटवी की इन्व्हर्टर? ह्या काय इचारुचा. खळं की जाळी? लय. गडगा की वायरिंग? इथे तिने सूप खाली ठेवलं. "झिला, गडग्याचे पट कसले काढतस? गडगो गडगोच."

४५ उत्तरं झाल्यावर लॅपटॉपने आत्याला नापास केलं. साटीच्या पद्धतीत माणूस स्वतःशी किती सुसंगत बोलतो तेही मोजतात. नळे विहिरीच्या तिप्पट, विहीर गडग्याच्या तिप्पट, तर नळे गडग्याच्या नऊपट व्हायला हवेत. आत्याने तिथे 'वायच' म्हटलेलं. शिवाय विहीर नळ्यांना हरलेली, नळे संडासाला हरलेले आणि संडास विहिरीला! डोळे मिटून आकडे भरले असते तर जेवढी विसंगती आली असती, तिच्या दहा टक्क्यांपर्यंत साटी चालवून घेतो. हे मला फार आवडलं. विसंगती असणारच, ती दहा टक्क्यांत ठेवा, असं म्हणणारा गणिती मी दुसरा ऐकलेला नाही. आमच्याकडच्या भाऊबंदांनी एवढी सूट एकमेकांना दिली असती तर सावंतवाडीपासून कणकवलीपर्यंत वकिलांच्या पोरांना दुसरा धंदा शोधावा लागला असता. आत्याचं प्रमाण एकतीस टक्के आलं.

पुतण्या म्हणाला, आजीला पुन्हा विचारू. मी म्हटलं, आधी का ते विचार. तेव्हा उलगडा झाला. विहीर आणि नळे समोर आले तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे आषाढ होता. माजघरात टोप मांडून गळती झेलावी लागते, म्हणून नळे. नळे आणि संडास म्हटल्यावरही आषाढच होता, पण रात्रीचा. "छत्री घेवन माडाखाली जावचा लागता, माका. तुमका काय?" आणि संडास आणि विहीर म्हटल्यावर तिला मे महिना आठवला, तळाला गेलेलं पाणी आठवलं आणि मुंबईची सगळी मंडळी आठवली. ती बदलली नव्हती, महिना बदलत होता. दोन वस्तू एकमेकींशेजारी ठेवल्या की त्या आपापली एक गोष्ट सांगतात, आणि जोडी बदलली की गोष्टही बदलते.

साटीला हे ठाऊक होतं. म्हणून तो म्हणतो, आधी कसोट्यांच्या जोड्या लावा: सोय की धोका, धोका की खर्च. मग एकेका कसोटीवर कामं पारखा. आम्ही तेही केलं. चार कसोट्या घेतल्या. चौथी होती 'गणपतीला येणारे लोक काय म्हणतील'. ती शेवटची येणार याबद्दल आम्हा सगळ्यांचं एकमत होतं. जोड्या सुटल्यावर ती दुसरी आली. पहिला 'खर्च' होता म्हणून थोडी लाज राहिली.

आचऱ्याला गावपळण असते तेव्हा हे काही करावं लागत नाही. रामेश्वराचा कौल झाला की तीन-चार वर्षांतून एकदा सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारीकोतारी, सगळी. मागे काय ठेवायचं यावर कुणी तक्ता मांडत नाही. जीव असलेलं बाहेर, बाकीचं आत. एकच कसोटी असली की गणित लागत नाही. आमच्याकडे चार होत्या, आणि अकरावं काम यायलाही वेळ लागला नाही.

शेजारचे काका पडवीत डोकावले आणि म्हणाले, हे सगळं सोडा, दोन खोल्या काढा आणि पर्यटक ठेवा. तारकर्लीत स्कूबावाल्यांना राहायला जागा पुरत नाही. पुतण्याने उत्साहाने अकरावी ओळ घातली. खोल्या काही वर आल्या नाहीत, पण गंमत अशी झाली की त्या आल्यामुळे आतापर्यंत नळ्यांच्या खाली असलेली विहीर वर गेली. नळे तेच, विहीर तीच, आमची उत्तरंही तीच. पुतण्या म्हणाला, हा दोष जुना आहे, १९८३ साली बेल्टन आणि गियर या दोघांनी दाखवून दिलाय, त्यावर पंडितांचे अजून वाद चालतात. मला त्यात दोष वाटला नाही. तिसरा माणूस घरात आला की दोघांचं आपसातलं वजन बदलतं, हे आमच्याकडे सासू झालेल्या कुठल्याही बाईला माहीत आहे.

शेवटी लॅपटॉप मिटला. काम तीनांवर आलं होतं: विहीर, नळे, संडास. म्हटलं, मतदान करू. दादा, मी आणि आत्या, तीन मतं, बरोबरी होणं शक्य नाही. दादाचं मत: आधी विहीर, मग नळे, मग संडास. त्याचं बालपण त्या विहिरीत पोहण्यात गेलं आणि संडास त्याच्या मुंबईच्या घरात दोन आहेत. मी नळ्यांखाली झोपतो, म्हणून माझं: नळे, संडास, विहीर. आत्याने आपला आषाढ आणि मे यांचं एकदाचं भांडण मिटवलं आणि सांगितलं: संडास, विहीर, नळे.

आता मोजा. विहीर की नळे? दादा आणि आत्या विहिरीकडे, विहीर जिंकली. नळे की संडास? दादा आणि मी नळ्यांकडे, नळे जिंकले. संडास की विहीर? मी आणि आत्या संडासाकडे, संडास जिंकला. म्हणजे प्रत्येक काम कुणाला तरी दोन विरुद्ध एक हरवतं आणि कुणाकडून तरी तसंच हरतं. तिघांपैकी एकही जण वेडं बोलला नव्हता, तिघांचं मिळून मात्र वेड्यासारखं झालं. हा चकवा कॉन्दोर्से नावाच्या फ्रेंच सरदाराने १७८५ सालीच कागदावर मांडून ठेवलाय. बहुमताचा एवढा विचार करणारा हा गृहस्थ पुढे राज्यक्रांतीच्या गदारोळात तुरुंगात मेला. बहुमताचा अभ्यास आणि बहुमताची मर्जी या वेगळ्या गोष्टी आहेत.

दादा, पुतण्या आणि मी या चकव्यावर रात्री जेवताना फोन मध्ये ठेवून चर्चा करत होतो. आत्या वाढत होती. ती सहज म्हणाली, "तुमी उगीच तिनांचो घोळ घालतास. दोन-दोन घेवा. आधी विहीर काय नळे, ता सांगा." विहीर, दोन मतांनी. "बरा, नळे गेले. आता विहीर काय संडास?" संडास, दोन मतांनी. "झाला तर मगे," असं म्हणून तिने मला आमटी वाढली.

आमटीचा भुरका घेतल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिने आधी विहीर आणि संडास विचारलं असतं तर संडास जिंकून नळ्यांपुढे आला असता आणि नळ्यांनी त्याला पाडलं असतं. माझं छप्पर झालं असतं. आधी नळे आणि संडास विचारलं असतं तर शेवटी दादाची विहीर उरली असती. चक्रात अडकलेल्या तिघांपैकी जो पहिल्या जोडीत बसत नाही तो जिंकतो. मतं आमची तिघांची होती, पण पहिला प्रश्न तिचा होता. हिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, देवळात गाऱ्हाणं घालायला उभे असत. कौल देवाचा, पाकळी कुठली पडेल ते देवाच्या हातात. पण देवापुढे आधी काय ठेवायचं आणि मागून काय, हे गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या हातात. मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "देवाक सगळा म्हायत असता," आणि ताक आणायला उठली.

गवंडी परवा येऊन जागा पाहून गेला. माजघरामागची कोठी मोकळी करायची, पाईप मागीलदारी काढायचा, टाकी विहिरीपासून लांब खणायची, इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. जाता जाता त्याने विचारलं, इंडियन घालायचा की वेस्टर्न? पुतण्या लगेच पुण्याहून फोनवर म्हणाला, थांबा, कसोट्या ठरवू. दादाने मुंबईहून कळवलं, की गावच्या घरात इंडियनच शोभतं. मी दोघांचं म्हणणं आत्याच्या कानावर घातलं.

"तेंका सांग," ती म्हणाली, "गुडघे माझे आसत."