कुलूप घ्या, सॉफ्टवेअर सोबत

सॉफ्टवेअर चोरणारा आणि सॉफ्टवेअर विकत घेणारा यांच्यात फरक काय? चोरणारा पाचव्या मिनिटाला कामाला लागतो. विकत घेणाऱ्याला आधी आपण चोर नाही हे सिद्ध करावं लागतं.

पटत नसेल तर वसईच्या सातिवलीला या. महामार्गालगतचा गोखिवरे, वालीव, सातिवली हा पट्टा म्हणजे गाळ्यांचं राज्य. बाटल्यांची झाकणं, खेळण्यांची चाकं, स्विचची बटणं, आणि ही सगळी ज्यातून पडतात ते साचे, हे सारं इथे बनतं. पूर्वी साचा करायला कानस, पॉलिश पेपर आणि मिस्त्रीची नजर पुरायची. आता ड्रॉइंग कॉम्प्युटरवर होतं, त्यावरून प्रोग्राम निघतो आणि तो स्टील कापणाऱ्या व्हीएमसी मशीनला जातो. त्यामुळे गाळेवाल्याला आता तीन गोष्टी लागतात: स्टील, वीज आणि लायसन्स. स्टील उधारीवर मिळतं. वीज गेली तरी कधीतरी येते. लायसन्स गेलं की मात्र ईमेल येतो, आणि त्यात लिहिलेलं असतं की या ईमेलला उत्तर देऊ नये.

आमच्या ओळखीच्या एका साचेवाल्या शेठनी कायमस्वरूपी लायसन्स घेतलं. पैसे चेकने दिले, जीएसटीसकट. सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीच्या फोटोशेजारी लावलं. मग पावसाळा आला. वसईचा पावसाळा गाळ्यात शिरताना परवानगी विचारत नाही. पाणी ओसरलं तेव्हा कॉम्प्युटर गेला होता. शेठनी नवा घेतला, सॉफ्टवेअर टाकलं. स्क्रीन म्हणाली, हे लायसन्स दुसऱ्या मशीनवर वापरात आहे.

शेठनी हेल्पलाइनला फोन लावला.

‘सर, जुन्या मशीनवर जाऊन लायसन्स परत करा.’

‘जुनं मशीन मेलं हो.’

‘ओके सर. मग त्या मशीनवरून आम्हाला एक रिक्वेस्ट पाठवा.’

‘अहो, ते भंगारवाल्याने नेलं!’

‘सर, मग मशीन बंद पडल्याचा काही पुरावा?’

मृत्यूचा दाखला महापालिका देते, पण अजून तरी फक्त माणसांचा. शेठ ऑर्डर हातात घेऊन बसून राहिले. शेजारच्या गाळ्यात तेच सॉफ्टवेअर सुरू होतं. त्याला लायसन्स नव्हतं, त्यामुळे ते संपलंही नव्हतं. शेजारी चांगला माणूस. म्हणाला, ‘शेठ, पेन ड्राइव्ह देऊ का?’

असा सगळा कारभार असल्यामुळे प्रामाणिक ग्राहकांसाठी एक आचारसंहिता आता छापूनच टाकावी असं आम्हाला वाटतं:

१. कॉम्प्युटर बदलू नये. मदरबोर्ड जळाल्यास त्याच्यासोबत सती जावे.

२. इंटरनेट बंद असताना प्रामाणिक राहता येत नाही. प्रामाणिकपणासाठी दोन कंपन्यांची कनेक्शनं घ्यावीत.

३. डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला खोचायची कुलपाची डबी, देव्हाऱ्यात ठेवावा. हरवल्यास नव्याने पूर्ण किंमत भरावी. कारण आपण विकत घेतलं होतं ते सॉफ्टवेअर नव्हे, तो डोंगलच.

४. ‘कायमस्वरूपी’ या शब्दाची मुदत कंपनी वेळोवेळी कळवील.

५. अटी न वाचता ‘मान्य’ दाबावे. वाचल्यास झोप उडण्याची जबाबदारी आपली.

खरं म्हणजे वसईकरांना हा प्रकार नवा नाही. जगाला सॉफ्टवेअरचं लायसन्स ठाऊक होण्याच्या सव्वाचारशे-साडेचारशे वर्षं आधीपासून आपण ते भोगलंय. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. त्या तहात एक अट होती. तांबड्या समुद्राकडे निघालेल्या गुजरातच्या जहाजांनी आधी वसईला यायचं, परवाना घ्यायचा आणि परतताना पुन्हा वसईलाच येऊन जकात भरायची. या परवान्याचं नाव कर्ताझ. त्यात जहाज कुणाचं, नाखवा कोण, माणसं किती, हत्यारं किती, जाणार कुठे, सगळं नोंदलेलं असे. जहाज तुमचं, माल तुमचा, समुद्र तर कुणाच्याच बापाचा नाही. पण कागद नसेल तर जहाज जप्त. आजच्या ‘मान्य’ बटणामागचा मजकूर याहून निराळा नाही, फक्त लांबी वाढली आहे. आपणही मागे राहिलो नाही म्हणा. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक काढले आणि परवाने विकणाऱ्यांनाच परवाने घ्यायला लावलं. आमच्या शेठकडे आरमार नाही, हीच काय ती अडचण.

बरं, ही कुलपं परक्यांनीच घातली असंही नाही. आपण ती खुद्द मराठीला घातली होती. नव्वदच्या दशकात ज्यांनी लग्नपत्रिका, दिवाळी अंक नाहीतर निवडणुकीची पत्रकं छापून घेतली, त्यांनी डीटीपीवाल्याच्या तोंडून ‘लॉक’ हा शब्द ऐकलेला असणार. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी असो की सी-डॅकचं आयएसएम, मराठी अक्षर उमटायचं तर कॉम्प्युटरच्या मागे एक छोटी डबी खोचलेली हवी. डबी काढली की मराठी बंद. ज्ञानोबांनी भाषा लोकांसाठी मोकळी केली, त्याला सातशे वर्षं उलटून गेल्यावर आपण ती प्रिंटरच्या पोर्टला नेऊन बांधली. मग नवे कॉम्प्युटर प्रिंटरच्या पोर्टाशिवाय येऊ लागले आणि डबीवाल्यांना डबी लावायला भोकच उरेना. त्यातून एका सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की लेख मराठी की मंत्रतंत्र हे कळायची सोय नसे. कितीतरी जुने मजकूर त्या काळच्या फाइलींमध्ये अजून तसेच पडून आहेत. लिहिणारा आहे, फाइल आहे, हक्क आहे. उघडणारं काही नाही.

मराठीची सुटका डबीने केली नाही. ती युनिकोडने केली आणि मुक्त फॉण्टनी केली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉण्ट आज कुणीही उतरवून घ्यावेत आणि वापरावेत. त्यांच्या मागे डबी नाही, पुढे पासवर्ड नाही. आज सातिवलीतला वॉचमनही फोनवर मराठीत निरोप धाडतो आणि त्यासाठी त्याला कुणाच्या सर्व्हरकडे चारित्र्याचा दाखला मागावा लागत नाही.

कुलूप घालण्याच्या नादात कोण कुठवर जातं याचाही एक सुंदर नमुना शेजारी देशात आहे. १९८६ मध्ये लाहोरच्या अमजद आणि बासित अल्वी या दोन भावांनी आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती निघतात म्हणून फ्लॉपीत शिरणारा एक प्रोग्राम लिहिला. सोबत स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर! त्याचं नाव ‘ब्रेन’, आणि पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून तो आता ओळखला जातो. व्हायरसचा जन्म चोराच्या घरी झाला असं आपण समजत होतो. तो झाला राखणदाराच्या घरी. २००५ साली सोनी बीएमजीने हीच परंपरा चालवली. त्यांची गाण्याची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की ती एक छुपा प्रोग्राम बसवायची. सीडी चोरून घेणाऱ्याला गाणी मिळाली, विकत घेणाऱ्याला गाण्यांसोबत कीड मिळाली. बोभाटा झाल्यावर कंपनीने सीड्या परत मागवल्या.

खेळांची तर गोष्टच निराळी. नव्वदच्या दशकातल्या पोरांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळताना एक खोली पाहिली असेल. तिथे बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीवर एक अक्षर. खेळासोबतच्या पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर, तीच प्यायची. पुस्तिका हरवली की राजपुत्राच्या पोटात विष. पण निदान तो राजपुत्र तुमच्या घरात मरायचा. आता खेळ कंपनीच्या सर्व्हरवर जगतो आणि तिथेच मरतो. २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ नव्याने आला. एकट्याने बसून शहर वसवायचं, तरी इंटरनेट सक्तीचं. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले. आपल्याकडे नियोजन नसताना शहर वसतं. तिथे नियोजन करायला पैसे भरून बसलेल्यांना शहरात शिरायलाच मिळेना. इंटरनेटशिवाय हा खेळ चालणं अवघड आहे असं सांगणाऱ्या कंपनीने वर्षभराने तो इंटरनेटशिवाय चालवून दाखवला.

२०१४ साली आलेल्या ‘द क्रू’ या गाड्यांच्या खेळाचे सर्व्हर युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला बंद केले. पूर्ण किंमत देऊन घेतलेला खेळ त्या दिवसापासून उघडेना. आपल्याकडे ३१ मार्चला फक्त हिशेब बंद होतात. यावर युरोपात लोक चिडले आणि विकलेले खेळ असे मारून टाकू नका या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल माल ‘विकत घ्या’ म्हणून विकायचा असेल, तर तुम्हाला मिळतोय तो फक्त परवाना, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. म्हणजे विक्रेत्याने खरं बोलावं यासाठी कायदा लागला.

आपला कायदा काय म्हणतो? तो बिचारा बऱ्यापैकी शहाणा आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ म्हणतं की रीतसर घेतलेलं सॉफ्टवेअर नष्ट झालं किंवा बिघडलं तर पंचाईत नको म्हणून तुम्ही त्याची राखीव प्रत करून ठेवू शकता. कायदा म्हणतो प्रत कर. कुलूप म्हणतं, करून दाखव. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण हक्क बुडवण्याचा हेतू असेल तर. कलम ६३बी चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत आत पाठवतं. म्हणजे शेजारच्या गाळ्यातली पेन ड्राइव्ह घेतली तर शेठना कायद्याची भीती आहे. पैसे घेऊन माल बंद करणाऱ्याला मात्र कसली भीती आहे, ते या कलमांत आम्हाला सापडलं नाही.

कुणी म्हणेल, मग प्रोग्रामरने पोट कसं भरायचं? प्रश्न रास्त आहे. चोरी ती चोरीच. पेन ड्राइव्हवाला शेजारी चांगला माणूस असला तरी सॉफ्टवेअर त्याने ढापलेलंच आहे. पण कुलपाने त्याचं काय बिघडलं? त्याने तर कुलूप पाहिलंसुद्धा नाही. ते आधीच कुणीतरी काढून दिलं होतं. उलट पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये कुलूप न लावता खेळ विकणारं गॉग हे दुकान काढलं. त्यांचा ‘द विचर ३’ तिथे पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा मिळत होता. त्याची कॉपी करणं म्हणजे फाइल उचलून दुसरीकडे ठेवणं. तो चोरीला गेला असेलच. आणि २०२३ पर्यंत सगळ्या दुकानांत मिळून त्याच्या पाच कोटींहून जास्त प्रती विकल्याही गेल्या. चांगला माल आणि रास्त भाव असला की लोक पैसे देतात, एवढाच याचा अर्थ.

तेव्हा गाळेवाल्यांनो, डीटीपीवाल्यांनो आणि पोराच्या हट्टापायी खेळ घेणाऱ्या आईबापांनो, पुढच्या वेळी पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तीन उत्तरं लेखी घ्या. कॉम्प्युटर बदलला तर काय? इंटरनेट नसेल तर काय? तुमची कंपनीच बंद पडली तर काय? उत्तर मिळालं नाही तर बिलावर ‘विक्री’ खोडून ‘भाडं’ लिहायला सांगा, आणि भाव भाड्याचाच द्या.