मैदानपंडित

अशी माणसं तुमच्याही नात्यात असणार. सामना कोण जिंकलं, कुणी किती काढले, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. तुम्ही ‘काय कॅच घेतला!’ म्हणावं, तर हे विचारणार, ‘कुठल्या स्टँडसमोर?’ स्टँड सांगितलात की ओठ मुडपून म्हणणार, ‘तिथून काही दिसत नाही.’ झालं. तुमच्या हातातला कॅच सुटला.

माझ्या वाट्याला आलेला नमुना म्हणजे बायकोचे चुलते. मुक्काम मेलकावेरी, कुंभकोणम. तंजावरी मराठी घराणं, व्यंकोजीराजांच्या मागोमाग कावेरीकाठी उतरलेलं. तिथल्या बहुतेक मराठी माणसांप्रमाणे हेही राव, म्हणून आम्हा सगळ्यांचे रावकाका. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर रेल्वेचा पास खिशात असल्यामुळे देशातलं एकही नावाजलेलं मैदान त्यांनी सोडलं नाही. चेपॉक, वानखेडे, ब्रेबॉर्न, ईडन, ग्रीन पार्क, नागपूरचं सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान. कुठलंही नाव काढा, काका डोळे मिटतात, मान किंचित तिरपी करतात आणि निकाल देतात. निकालाचं कलम एकच. वारा.

२ एप्रिल २०११ च्या रात्री धोनीनं कुलसेकराला लाँग-ऑनवरून भिरकावलं आणि आमच्या सोसायटीत फटाक्यांचा धूर झाला. त्या गोंधळात मेलकावेरीहून फोन. म्हटलं, म्हाताऱ्यालाही राहवलं नाही, पेढे मागणार. पलीकडून शांत आवाज आला, “मापिळ्ळै, तें सगळं राहू द्या. वारं कोठून होतं?”

मी पुण्यात, दिवाणखान्यात, पंख्याखाली. वारं वरून होतं, एवढंच सांगू शकलो. त्यांना ते पटलं नाही.

त्यांच्या लेखी हिंदुस्थानातलं क्रिकेट वाऱ्यानं चालतं, बोर्डाचं तिथे काही नाही. १४ मार्च २००१ ला ईडनवर लक्ष्मण आणि द्रविड दिवसभर खेळले, ऑस्ट्रेलियाला एक विकेट मिळाली नाही, कारण? “हुगळीचं वारं पडलेलं.” चेपॉकवर सेहवागनं ३१९ केले, ते दुपारचं समुद्राचं वारं त्याच्या पाठीशी होतं म्हणून. मग तेच वारं बाकीच्यांच्या पाठीशी का नव्हतं, असं विचारलं तर पानाचा डबा जवळ ओढतात. प्रश्न अडचणीचा असला की पान.

मुंबईची त्यांची हकिगत तर ऐकण्यासारखी आहे. ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, १९३७ चं. पुढे तिकिटांच्या वाट्यावरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं बिनसलं आणि शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम वर्षभरात उभं करून दाखवलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिला कसोटी सामना झाला, क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ ठोकले. हा इतिहास मुंबईत शेंबड्या पोराला ठाऊक आहे. काकांना मान्य नाही. “तिकिटासाठी कोणी एवढं सिमेंट ओततं काय? ब्रेबॉर्नला वारं अडतं. शेषरावांना कळलं होतं. बोलले नाहीत, एवढंच.” हे ते अशा खात्रीनं सांगतात की वानखेडे हा गृहस्थ दर संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर बोट ओलं करून उभा राहत असावा असं आपल्यालाही वाटू लागतं.

प्रात्यक्षिक बघायचं असेल तर सकाळी अकराच्या सुमारास त्यांच्या ओसरीवर जावं. कुंभकोणमची कोवळी विड्याची पानं पितळी तबकात मांडलेली. त्यातलं एक पान पालथं पडतं, देठ खुडला जातो, ही खेळपट्टी. सुपारीची खांडं म्हणजे क्षेत्ररक्षक. चुन्याचं बोट तबकाच्या एका कडेला ओढलं की तो बंगालचा उपसागर. मग अंगवस्त्राचं टोक दोन बोटांत धरून हात उंच करायचा आणि थांबायचं. आपणही थांबायचं. बोलायचं नाही. टोक हललं की काका म्हणतात, “बघा, आलं.” न हललं तर म्हणतात, “लंचनंतर येईल.” शेवटी खेळपट्टीला चुना लागतो, स्लिपमधले दोघे आत जातात आणि संपूर्ण चेपॉक काकांच्या डाव्या गालात जातं.

चेपॉक अर्थात लाडकं. २०११ च्या विश्वचषकाआधी त्याची डागडुजी झाली, जुने खांबवाले स्टँड पाडले आणि नव्या स्टँडांच्या मधे फटी ठेवल्या, समुद्राचा वारा आत यावा म्हणून. हे काम नामांकित वास्तुविशारदांनी केलं असा जगाचा समज आहे. काकांनी त्याआधी कधीतरी एक पोस्टकार्ड टाकलं होतं. पुढे त्यातले तीन स्टँड परवानगीच्या भानगडीत अडकून कित्येक वर्षं बंद राहिले. ओस पडलेल्या त्या खुर्च्या टीव्हीवर दिसल्या की सगळे हळहळायचे. काका खूश. “वारं तिथं बसलेलं आहे.”

पुणेकर म्हणून मला गहुंज्याचं दुखणं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथला पहिलाच कसोटी सामना आपण तीन दिवसांत ३३३ धावांनी हरलो, ओकीफनं बारा बळी घेतले, आयसीसीनं खेळपट्टीला ‘खराब’ असा शेरा दिला. आता काका फाडून खाणार, अशी मनाची तयारी करून मेलकावेरीला गेलो होतो. तर म्हणाले, “ग्राउंड चांगलं. डोंगर आहेत, मोकळं आहे, वारं आहे. फक्त पुण्यात नाही. गहुंज्याला पुणं म्हणता तर आम्ही चेंगलपट्टूला मद्रास म्हणू.” यावर पुणेकराला उत्तर नसतं. तळेगावला उतरून माणसं आपण पुण्यात आलो असं म्हणायला लागली, तेव्हाच आम्ही हरलो होतो.

मग सगळ्यात वाईट मैदान कुठलं? इथे ते क्षणभरही थांबत नाहीत. “नेहरू स्टेडियम. स्वारगेट.”

मी चकित. नेहरू स्टेडियम काही देखणं नाही, पण साऱ्या देशात शेवटचा नंबर लागावा असं त्यानं केलं तरी काय? “वारं नाही.” अहो पण कानपूरला कुठे आहे? “कानपूरला गंगा आहे.” पुण्यात मुठा आहे, असं म्हणणार होतो, जीभ चावली. वर्षानुवर्षं हे असंच. पुण्याहून गेलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे नेहरू स्टेडियमचं श्राद्ध.

उलगडा काकूंनी केला, दावऱ्यातून टंबलरमध्ये कॉफी वरखाली करता करता, अगदी सहज. “ह्यांनी जन्मात एकच मॅच बघितली. तीही अर्धी.”

म्हणजे ही मैदानं?

“रिकामी बघितली.”

पोंगलच्या सुमाराचा मद्रासचा कसोटी सामना, त्याला पोंगल टेस्टच म्हणायचे. नेमकी त्याच दिवसांत घरची संक्रांत, सगळी भावंडं मेलकावेरीला, आणि काका थोरले. जानेवारी १९८८ मध्ये हिरवाणीनं पदार्पणातच वेस्ट इंडीजचे सोळा गडी गुंडाळले, तेव्हा काका परसात चुलीपुढे बसून उतू जाणाऱ्या भांड्यावर लक्ष ठेवत होते. सामना असला की रजा नाही आणि रजा मिळाली की सामना नाही. पास मात्र होता. मग जिथे जातील तिथे आधी मैदान. काशीयात्रेला निघालेल्या काकूंना त्यांनी वाटेत कानपूरला उतरवलं आणि ग्रीन पार्कच्या कट्ट्यावर तासभर बसवलं. “मला वाटलं इथं देव आहे,” काकू म्हणाल्या. वानखेडे त्यांनी भर पावसाळ्यात पाहिलं, खेळपट्टी झाकलेली. ईडन मे महिन्यात, माळी आणि काका असे दोघेच.

आणि पुणं? पुण्यात भाचीचं लग्न होतं, २९ फेब्रुवारी १९९६ ला काकांनी वऱ्हाडातून सटकून नेहरू स्टेडियम गाठलं. विश्वचषकाचा सामना, केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. केनिया १६६ वर आटोपली. ऊन मी म्हणत होतं, वारा नव्हता, लाराच्या संघाला १६७ म्हणजे चहापुरतं काम, शिवाय संध्याकाळची गाडी. काका उठले. वेस्ट इंडीज ९३ वर गारद. क्रिकेटच्या इतिहासातला एवढा मोठा चमत्कार, आणि तो घडत असताना आयुष्यात एकदाच तिकीट काढलेला हा माणूस स्टेशनावर फलाट शोधत होता.

त्या दिवसापासून नेहरू स्टेडियमला वारा नाही.

हे कळल्यावर चिडवायला दारूगोळा हाती आला, असं वाटलं होतं. वापरता आला नाही. ३१ जानेवारी १९९९ ला पाकिस्ताननं आपल्याला चेपॉकवर बारा धावांनी हरवलं, सचिनचे १३६ वाया गेले आणि तरी मद्रासच्या लोकांनी उभं राहून पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवल्या. काका तेव्हा विळुप्पुरमला एका स्टेशनाची वह्याबुकं तपासत होते. दुसऱ्या दिवशी मिळेल ती गाडी पकडून गेले. रखवालदारानं सोडलं. मैदानात कागदाचे कपटे आणि शेंगांची टरफलं होती. “जेथें लोक उभे राहिले होते, तेथें जरा उभा राहिलों,” एवढंच सांगतात. त्या दिवशीच्या वाऱ्याबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

हल्ली प्रवास सुटलाय. उन्हाळ्यात कावेरी आटली की पोरं पात्रातल्या वाळूवर क्रिकेट खेळतात, तेवढंच काकांचं मैदान. एका बाजूला घाटाचा एंड, दुसऱ्या बाजूला पुलाचा एंड. ही नावं काकांनीच दिलेली. स्टंप त्यांच्या ओसरीवर असतात. मेट्टूर धरणाची दारं उघडायची रीत १२ जूनची, धरणात पाणी असेल त्या वर्षी. मग चार-सहा दिवसांत हे स्टेडियम पाण्याखाली जातं. पावसानं खेळ थांबण्यात काय विशेष, इथे कोसो मैल लांबचं एक धरण खेळ थांबवतं, याचा काकांना कोण अभिमान! तमिळ आडी महिन्यात तिथे पाटा-वरवंटा उडेल असा वारा सुटतो, पण तोवर खेळायला वाळू उरलेली नसते. पोरं वात्रट. प्रत्येक षटकाच्या सुरुवातीला ओरडतात, “ताता, कात्तु एंगे?” म्हणजे, आजोबा, वारं कुठंय? चेष्टा आहे, हे पलीकडच्या काठावरच्या म्हशीलाही कळतं. काका अंगवस्त्र वर धरतात, नीट वाट बघतात आणि उत्तर देतात. गोलंदाज हसत हसत बाजू बदलतो. पण बदलतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये बांगलादेशचा संघ चेपॉकला आला, तेव्हा मी दोन तिकिटं काढली. रात्रीच्या गाडीनं काकांना घेऊन गेलो. सकाळी हसन महमूदनं ३४ धावांत आपले तीन फलंदाज उडवले. काकांनी अंगवस्त्र वर धरलं, मागच्या माणसानं “सार, खाली घ्या” म्हणून ओरडून ते खाली करायला लावलं. १४४ वर सहावा गडी गेला आणि काका पिशवी चाचपू लागले. ही हालचाल काकूंनी मला आधीच सांगून ठेवली होती. मी अंगवस्त्राचं दुसरं टोक मुठीत धरलं आणि खेळ संपेपर्यंत सोडलं नाही. अश्विननं घरच्या मैदानावर शतक काढलं. शेजारचा अनोळखी गृहस्थ काकांच्या गळ्यात पडला. दिवसअखेर ६ बाद ३३९.

मेलकावेरीला परतलो तेव्हा काकू दारातच होत्या. कशी झाली मॅच, त्यांनी विचारलं.

काकांनी चपला काढल्या, पाय धुतले, ओसरीवर बसले. “खांब काढले तें बरं केलं,” म्हणाले. “पण माणसं फार.”