एकदाच करायचंय

नानाकाकांनी खांद्यावरची शबनम टेबलावर ठेवली की आतून 'खण्ण' असा आवाज येतो. त्यात टाइलचे नमुने असतात. लग्नाला गेले, खण्ण. बँकेत पासबुक भरायला गेले, खण्ण. परवा एका श्राद्धाला गुरुजींनी सहज विचारलं, "पिशवीत काय आणलंत?" काकांनी दोन तुकडे काढून त्यांच्यापुढे मांडले. "तुम्हीच सांगा, आयव्हरी की बेज?" गुरुजी आयव्हरी म्हणाले. काकांनी ते तारखेसह डायरीत लिहून घेतलं.

हे सगळं ५६ चौरस फुटांसाठी, आणि गेले पाच महिने.

सिंहगड रस्त्यावरच्या त्यांच्या जुन्या सोसायटीत प्लॉटची एक हद्द तिरकी आहे. ती कुणाच्या तरी पदरात टाकायला हवी होती, म्हणून बांधणाऱ्यानं काकूंच्या स्वयंपाकघरात टाकली. दाराशी रुंदी ७ फूट, खिडकीशी साडेपाच, लांबी ९. कोपऱ्यात खांब आणि खांबाला चिकटून डक्ट. फ्रीजचं दार अर्धंच उघडतं, त्यामुळे दुधाचं पातेलं हवं असेल तर आधी लोणच्याची बरणी बाहेर काढावी लागते. काकू तीस वर्षं हे बिनतक्रार करतायत. पण मिस्त्री आला, त्यानं गुण्या लावला आणि म्हणाला, "काका, रूम गुण्यात नाय."

काकांना ते लागलं. जणू कुणी घराण्याचा उद्धार केला. त्यांनी पायथागोरसला कामाला लावलं. खिडकीकडच्या कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, मधलं अंतर ५ फूट यायला हवं. आलं ५ फूट साडेचार इंच. तीन वेळा मोजलं. टेपचं दुसरं टोक धरून उकिडवा बसलेला मी होतो, म्हणून आकडा पाठ आहे.

"अरे, आयुष्यात एकदाच करायचंय," हे काकांचं पालुपद. मिक्सर घेतानाही ते हेच म्हणाले होते आणि चपलांच्या वेळीही. त्या एका वाक्याच्या जोरावर माझ्या स्कूटरवरून आम्ही कात्रज-कोंढवा रस्त्यावरची दुकानं पालथी घातली. पहिल्या फेरीला चहा मिळतो, दुसरीला पाणी. तिसऱ्या फेरीला मालक गोडाऊनमध्ये गेलेले असतात. "काका, सध्या हेच चालतंय" असं सेल्समन म्हणाला की ती टाइल बाद. मग काका स्टीलची पट्टी काढतात. "दोन बाय दोन म्हणता? ही ६०० मिलिमीटर आहे. दोन फूट म्हणजे ६०९ पूर्णांक ६. माझे नऊ मिलिमीटर गेले कुठे?" पोरगं बिचारं मालकाला फोन लावतं. मध्यंतरी थेट मोरबीला जायची टूम निघाली होती. टाइलचं माहेरघर तेच, आणि भिंतीवरची घड्याळंही तिथंच होतात, म्हणजे हॉलचंही काम झालं असतं. रिझर्व्हेशन मिळालं नाही, हे माझं पूर्वपुण्य.

घरी आणलेले नमुने सेलोटेपनं भिंतीला. सकाळच्या उन्हात पाहायचे, ट्यूबलाइटमध्ये पाहायचे, लाइट गेल्यावर बॅटरीत पाहायचे. मग परीक्षा. सात तुकड्यांवर ओली हळद, तेल, कोकमाचं आगळ आणि आदल्या दिवशीचा मटणाचा रस्सा, चोवीस तास. त्या रात्री स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला कुणालाही बंदी. आम्ही पोहे मागवून खाल्ले. सकाळी पुसलं तर सातही टाइल लख्ख. काका हिरमुसले. सगळेच पास झाले तर निवडायचं कसं?

"डाग फरशीला पडत नाहीत, सांध्यांना पडतात," काकू म्हणाल्या, "आणि सांधे मी घासते. टाइल मोठी घ्या, म्हणजे सांधे कमी. त्यात ते एपॉक्सी भरा." एवढंच बोलून त्या कुकर लावायला गेल्या.

मिस्त्रीनं तिरक्या भिंतीचाही निकाल दोन मिनिटांत लावला. अख्खी टाइल दारातून सुरू करायची, ती सरळ भिंतीच्या रेषेत न्यायची, आणि निमुळतं कटिंग पलीकडे ओट्याखाली ढकलायचं. तिथं कुणाला दिसतंय?

"कुणाला दिसलं नाही तरी मला माहीत असणार ना!" काका म्हणाले. त्यावर तीन आठवडे गेले. तोवर काकांनी मनातल्या मनात पक्की केलेली बेज बंद झाली. दुकानात उरली होती आयव्हरी.

ती लागली आता. छान दिसते. कटिंग ओट्याखालीच आहे. पाहुण्यांना काही कळत नाही. काकाच त्यांना वाकायला लावून, बॅटरी पाडून दाखवतात.

चार टाइलच्या एका बॉक्समध्ये सुमारे साडेपंधरा चौरस फूट भरतात. म्हणजे कटिंगचे दहा टक्के धरूनही चार बॉक्स पुरतात. पुन्हा तीच शेड मिळत नाही म्हणून काकांनी सात आणले. उरलेले तीन पलंगाखाली आहेत, शेड नंबर एकच, भिंगानं तपासलेला. कुणाला हवे असतील तर लवकर कळवा. काका कालपासून बाथरूमची मापं घेतायत, आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात आहे.