मुदतीचा अर्ज नामंजूर

नाशिकच्या वकिलांचा लष्कराशी फार जवळचा संबंध आहे. देवळाली कॅम्पात तोफखान्याचं स्कूल, नाशिक रोडला आर्टिलरी सेंटर, शिवाय डॉ. मुंज्यांनी 1937 साली काढलेलं भोसला मिलिटरी स्कूल. आमच्या बार रूममध्ये निवृत्त सुभेदाराचा एखादा तरी जावई किंवा मेहुणा असतोच, आणि दिवाळीआधी मिलिटरी कँटीनमधून काय काय आणायचं याची यादी त्याच्याकडे रीतसर दाखल होते. संबंध एवढाच. लष्करी कायदा म्हटलं की सगळ्यांना नानावटी खटला आठवतो आणि तो प्रत्येकजण असा सांगतो, जणू वकीलपत्र त्याचंच होतं. प्रत्यक्षात नौदलाच्या त्या कमांडरवर कोर्ट मार्शल झालंच नाही. 1959 चा तो खटला मुंबईच्या सेशन्स कोर्टात चालला, ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. म्हणजे आमच्या लष्करी कायद्याच्या ज्ञानाचा एकमेव आधार, तोही मुलकी.

अशा वातावरणात माझ्या भाचीने लॉचा निकाल हातात पडताच जाहीर केलं की ती ‘जॅग’मध्ये जाणार.

“पगार किती देते ही कंपनी?” तिच्या मामीने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

जॅग म्हणजे जज अ‍ॅडव्होकेट जनरल, सैन्याची स्वतःची कायदा शाखा, हे कळल्यावर मामीचा आदर एकदम वाढला. माझी अडचण वेगळी होती. भाची माझ्या ऑफिसात बसणार म्हणून मी एक जुनं टेबल पॉलिश करून घेतलं होतं.

जाहिरात वाचली. वय 21 ते 27. एलएलबीला किमान 55 टक्के. बार कौन्सिलकडे नोंदणीस पात्र. क्लॅट-पीजीचा स्कोअर हवा. आणि उमेदवार अविवाहित हवा. दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये मी या अटी मोठ्याने वाचून दाखवल्या. 55 टक्क्यांचा उल्लेख येताच निम्मे ज्येष्ठ वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. ‘अविवाहित’ या शब्दावर मात्र सगळ्यांनीच दीर्घ श्वास घेतला.

खरी गोम पुढे होती. अर्जातून निवड झाली की एसएसबी, म्हणजे पाच दिवस चालणारी मुलाखत. अंधूक चित्र 30 सेकंद दाखवतात आणि 4 मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. आमच्याकडे 4 मिनिटांत पट्टेवाल्याचा पुकारा पुरा होत नाही. मग 60 शब्द, प्रत्येकाला 15 सेकंद. शब्द दिसला की मनात येईल ते वाक्य लिहायचं. वकिलाच्या मनात पहिल्या 15 सेकंदांत फक्त फी येते. त्यानंतर 60 प्रसंग, अर्ध्या तासात. अमुक संकट आलं, तुम्ही काय केलंत, ते एका ओळीत सांगा.

हा सराव रात्री जेवणानंतर आमच्या डायनिंग टेबलावर चाले. मोबाइलवर वेळ लावून मी प्रसंग वाचायचो. एकदा भाची म्हणाली, “मामा, तुम्ही पण लिहा ना.” प्रसंग होता: जंगलातून जाताना रेल्वेच्या रुळांच्या जोडपट्ट्या काढलेल्या दिसतात आणि गाडी यायची वेळ झाली आहे.

तिने लिहिलं: लाल ओढणी हलवत गाडीच्या दिशेने धावले, गाडी थांबवली, जवळच्या स्टेशनला कळवलं.

मी लिहिलं: दोन प्रतिष्ठित पंच मिळवले, चतुःसीमेसह जागेचा पंचनामा केला, रेल्वेला कलम 80 ची नोटीस पाठवली आणि दोन महिने वाट पाहिली.

“आणि गाडी?”

“तिला नंतर पक्षकार करून घेता येईल.”

भाची हसली, पण मला जरा लागलंच. तीस-पस्तीस वर्षं वाटपाचे दावे चालवणाऱ्या माणसाच्या अंगी एक गुण बाणतो. कुठल्याही प्रश्नाला लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी कागद मागायचे, मग म्हणणं द्यायला मुदत मागायची, मग समोरच्याने मुदत मागितली तर कडाडून विरोध करायचा. निफाडच्या दोन भावांचं द्राक्षबागेचं वाटप मी या पद्धतीने इतकं चालवलंय की बाग दोनदा बदलून झाली. या गुणाला दिवाणी कोर्टात अनुभव म्हणतात. एसएसबीत तो दाखवला तर पहिल्याच दिवशी परतीचं तिकीट हातात देतील.

धावणं हा आणखी एक विषय. मुलींना 2.4 किलोमीटर 13 मिनिटांत. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर ती धावायची आणि मी हातात घड्याळ घेऊन उभा राहायचो. एवढ्या वेळात मी कोर्टाच्या गेटापासून माझ्या टेबलापर्यंतसुद्धा पोचत नाही. वाटेत अशील भेटतात, चहा भेटतो.

तिच्यासाठी आणलेला 1950 चा आर्मी अ‍ॅक्ट मीच आधी चाळला आणि घाम फुटला. कलम 46 प्रमाणे आजाराचं सोंग आणणं हा गुन्हा, शिक्षा सात वर्षांपर्यंत. दिवाणी कोर्टात हेच सोंग ‘वैद्यकीय कारणास्तव’ या मथळ्याखाली अर्ज म्हणून दाखल होतं आणि बहुधा मंजूरही होतं. कलम 63 तर त्याहून व्यापक. कायद्यात अन्यत्र नाव घेऊन सांगितलेलं नसेल, पण सुव्यवस्थेला आणि लष्करी शिस्तीला बाधक असेल असं कोणतंही कृत्य, किंवा करायचं ते न करणंसुद्धा. त्यालाही सात वर्षांपर्यंत. मामीने हे कलम माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि ओला टॉवेल पलंगावर टाकणं त्यात बसतं का, अशी पृच्छा केली.

जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी न्यायासनावर बसतात आणि त्यांना कायदा समजावून सांगायला एक जज अ‍ॅडव्होकेट लागतोच. त्याने कायदा सांगायचा. मत मात्र द्यायचं नाही. “घरात मी हेच करतो,” भाचीचे वडील म्हणाले. त्या पाचांनी मत द्यायचं तेही हुद्द्याने सर्वांत लहान असलेल्यापासून, म्हणजे साहेबांचं ऐकून धाकट्याने मान डोलवायला नको.

हा नियम मला इतका आवडला की भाचीला जाऊ द्यायचं की नाही, हे ठरवायला बसलेल्या घरच्या बैठकीत मी तो लागू केला. धाकटा भाचा, इयत्ता आठवी, म्हणाला, “जाऊ दे, म्हणजे तिची खोली मला.” तिथून आकडा फिरला. एरवी आमच्याकडे आजोबा खाकरले की ठराव एकमताने मंजूर होतो. त्या दिवशी त्यांची पाळी येईपर्यंत बहुमत झालेलं होतं. “पोरीच्या जातीला लष्कर…” एवढंच ते म्हणाले, तर भाचीने सुप्रीम कोर्ट काढलं.

ते प्रकरण खरोखर वाचण्यासारखं आहे. जॅगच्या 31 व्या कोर्ससाठी 9 जागा होत्या. 6 मुलांना, 3 मुलींना. मुलींच्या यादीत चौथी आणि पाचवी आलेल्या अर्शनूर कौर आणि आस्था त्यागी यांना मुलांच्या यादीत निवडल्या गेलेल्या काहींपेक्षा जास्त गुण होते. तरी दार बंद. 11 ऑगस्ट 2025 रोजी न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांनी ही वाटणी रद्द केली आणि यापुढे संयुक्त गुणवत्ता यादी लावा असं सांगितलं. आजोबांनी निकालपत्राची तारीख ऐकली, चष्मा पुसला आणि अपील होतं का, एवढंच विचारलं. सुप्रीम कोर्टाच्या वर अपील नाही म्हटल्यावर त्यांनी देवळालीला ओळखीचं कोण आहे ते सांगायला सुरुवात केली.

पुढचं थोडक्यात. भाची एसएसबीला गेली, पाचव्या दिवसापर्यंत टिकली, शिफारस झाली, मेडिकलही पार पडलं. आता गुणवत्ता यादीची वाट आहे. नाव लागलं तर चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत 49 आठवडे. लष्करी कायदा शिकवणारी संस्था मात्र आपल्या कामठीत आहे, त्यामुळे नागपूरच्या मावशीने आत्तापासूनच गाद्या उन्हात घातल्या आहेत. टेबल मी विकलं. घेणाऱ्याने पैशासाठी मुदत मागितली आणि आयुष्यात प्रथमच मी ती नाकारली.

एक कायदेशीर बाब उरते. प्रशिक्षण पुरं होईपर्यंत उमेदवाराला लग्न करता येत नाही. सबब, तमाम लोकांस या लेखाद्वारे जाहीर नोटीस देण्यात येते की, माझ्या भाचीसाठी कोणीही स्थळे सुचवू नयेत, पत्रिका धाडू नयेत, ‘मुलगा पुण्यात आयटीत आहे’ असा निरोप तिच्या आईकडे ठेवू नये. कोणाची हरकत असल्यास ती चौदा दिवसांचे आत लेखी कळवावी. मुदतवाढ मिळणार नाही.