कोन्त्या टोकाकून, भो?

सावद्यात आमच्या नानांकडे गेलात तर चहाच्या आधी केळं येतं आणि केळ्यामागून नानांची नजर. तुम्ही ते देठाकडून सोलता की शेंड्याकडून, एवढंच त्यांना बघायचं असतं. देठाकडून सोललंत तर नाना नुसतं "हं" म्हणतात. त्या "हं"मध्ये तुमच्या घराण्याचं शिक्षण निघतं.

नाना वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचतात, लग्नपत्रिका 'आमच्या मामाच्या लग्नाला' पासून. स्टेशनावर दिल्लीची केळी भरायची असली, की "आधी घातलं ते शेवटी निघीन रे!" हे हमालांना सांगायला जातीनं हजर. हमाल बिचारे मान डोलावतात. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस पाच' आणलं, तेव्हा तर ओटा आठवडाभर तापला होता. "पंचवीस म्हनतो, म्हनजे पाच आधी. पन एकशे पंचवीसमधी शंभर पुढं, वीस मागं अन् पाच मधात! पहिले हे मिटवा म्हना."

मागच्या उन्हाळ्यात भाच्यानं बागेत ओलावा मोजणारं यंत्र पुरलं. लोरावॅन नावाच्या बिनतारी जाळ्यावरचं, बॅटरीवर महिनोन्‌महिने चालणारं; वाफसा आहे की नाही ते घरबसल्या मोबाइलवर. घरावरच्या अँटेनाला यंत्राची हाक ऐकू येत होती, पण ओळख पटत नव्हती. पोरगं दोन रात्री जागलं.

नाना खाटेवरून म्हणाले, "पत्ता कोन्त्या टोकाकून घातला, भो?"

आणि खरंच, घोडं तिथंच अडलं होतं. यंत्राचा पत्ता दोन-दोन अक्षरांच्या आठ जोड्यांचा. स्टिकरवर मोठी बाजू आधी छापलेली, पण हवेतून तो जातो शेपटीकडून. भाच्याच्या प्रोग्रॅममध्येही तसाच भरायचा होता. त्यानं घाईघाईनं सगळी अक्षरं उलटी केली. तरी ठप्प.

"जोडी मोडू नको ना! पंचवीसचं बावन्न केलं तं कोन ओळखीन?"

'1सी 2एफ'चं 'एफ2 सी1' झालं होतं. हवं होतं '2एफ 1सी'. तेवढं बदललं आणि मोबाइलवर ओलावा उमटला. नाना लगेच बागेत गेले, माती मुठीत दाबून आले आणि "बरोबर सांगते" म्हणाले. यंत्राला प्रमाणपत्र मिळालं.

कुठलं टोक आधी, हे भांडण संगणकवाल्यांत जुनंच आहे, असं भाच्यानं सांगितलं. 1980 साली डॅनी कोहेन नावाच्या संगणकतज्ज्ञानं दोन्ही पक्षांना गलिव्हरच्या गोष्टीतली नावं दिली. त्या गोष्टीत अंडं कुठल्या टोकाकडून फोडायचं यावरून लढाया होतात.

"अंडं?" नाना हिरमुसले. "अंड्याले देठ असते का?"

त्यांनी भाच्यापुढं केळं धरलं. देठ की शेंडा, असा भाचा घुटमळला. तेवढ्यात मामी आल्या, केळं घेतलं, मधोमध मोडलं आणि दोघांच्या हातात अर्धं-अर्धं दिलं.