नूतन मुख्याध्यापकांसाठी संवादसंहिता

कुर्ट लेविन आणि त्याचे सहकारी यांनी 1939 साली नेतृत्वाच्या हुकूमशाही, लोकशाही आणि निर्हस्तक्षेपी अशा तीन तऱ्हा जगापुढे मांडल्या, त्या अमेरिकेतील दहा-दहा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर प्रयोग करून. आपला शिक्षकवृंद त्याहून वयाने पुष्कळ मोठा आहे, ही गोष्ट नवनियुक्त मुख्याध्यापकाने मनावर घेण्याचे कारण नाही. त्याने हुकूम काढताना पहिली, सभेत दुसरी आणि जबाबदारी अंगावर येताच तिसरी तऱ्हा अंगीकारावी.

संवादाचे मुख्य साधन जिव्हा नसून सूचनावही होय. ती शिपायाहाती वर्गावर धाडण्याचा मुहूर्त असा साधावा की, गुरुजी फळ्यावर त्रैराशिक मांडून उत्तराच्या एक पायरी अलीकडे येऊन ठेपले असावेत. म्हणजे खडूने माखलेल्या बोटांत लेखणी धरून ते न वाचताच सही ठोकतील, मागच्या बाकांवर गलका उसळेल, आणि त्या गलक्याबद्दल खुलासा मागणारी दुसरी सूचना काढण्यास आयतेच निमित्त लाभेल.

सूचनेत कर्ता कधीही प्रकट करू नये. ‘मला माहिती हवी आहे’ असे लिहिणाऱ्यास ‘कशाला?’ असे कोणीही विचारू शकतो. ‘माहिती मध्यंतरापूर्वी सादर करण्यात यावी’ या वाक्यास विचारणार कोण? माहिती कोणती, हे मध्यंतरानंतर कळवावे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांवाचून अशैक्षणिक काम शिक्षकांस लावू देत नाही. सबब अन्य सर्व कामांच्या शिरोभागी ‘शैक्षणिक उपक्रम’ असे ठळक अक्षरांत लिहावे.

सभा शनिवारी, शाळा सुटल्याची घंटा होताच भरवावी. सर्वांची मते अगत्याने मागवावीत. ठराव मात्र आदल्या दिवशीच इतिवृत्तात उतरवून ठेवावेत. ‘पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब लिहिता लिहिता पाचवीचा वाचनाचा तास बुडतो,’ असे एखाद्या नवख्या बाई म्हणाल्याच, तर ‘बाई, आपली सूचना स्तुत्य आहे’ असे म्हणून त्या विषयावर त्यांचीच एकसदस्य समिती नेमावी, आणि अहवाल तीन प्रतींत, तांदळाच्या हिशेबासोबत, मागवावा. पुढील सभेत कोणी तोंड उघडणार नाही. तेव्हा इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द निःशंकपणे योजावा.

या संहितेप्रमाणे वर्षभर चालणाऱ्या मुख्याध्यापकाच्या दालनाकडे एकही शिक्षक तक्रार घेऊन फिरकत नाही, आणि तपासणीस आलेले वरिष्ठ सह्यांनी भरलेली पाने पाहून संतोष पावतात. पाचवीच्या मुलांना वाचता येत नाही, ही वार्ता त्याला सर्वांच्या शेवटी, शिक्षणाधिकाऱ्यांच्या खरमरीत पत्रातून समजते. अशा समयी मुळीच गांगरून न जाता त्याने पत्राच्या समासात ‘सर्व शिक्षकांनी नोंद घ्यावी’ असा शेरा मारावा, आणि शिपायास हाक मारावी.